यंत्र बिघडले तर पुढे काय?

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे लातूरला जाणाऱ्या रस्त्यावर नव्वदच्या दशकात जवळपास प्रत्येक मोठ्या थांब्याजवळ एसटीडी-पीसीओचा बूथ दिसायचा. काचेची केबिन, लाल आकड्यांत पळणारे मीटर आणि टेबलामागे बसलेला चालक. या चालकाच्या खुर्चीला अनेकदा कुबड्या टेकवलेल्या असत, किंवा बाहेर हाताने चालवायची तीनचाकी सायकल उभी असे. हा योगायोग नव्हता. बूथ देताना दिव्यांगांना प्राधान्य देण्याचे सरकारी धोरण होते. लहानपणी पोलिओ झालेल्या पिढीला बसून करता येईल असा, रोज रोख पैसा देणारा आणि गावात मान मिळवून देणारा व्यवसाय या बूथने दिला. मुलगा पुण्याला पोचला का, मोंढ्यात तुरीला काय भाव निघाला, बाळंतपण सुखरूप झाले का, हे सगळे निरोप त्या टेबलावरून जात.

मग मोबाइल आला. देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला, तेव्हा बूथचालकाला त्याची झळ लागली नाही. २००३ मध्ये येणारे कॉल मोफत झाले आणि पुढच्या काही वर्षांत काचेच्या केबिन ओस पडल्या. ज्या तंत्रज्ञानाने भाकरी दिली, त्याच तंत्रज्ञानाच्या पुढच्या पावलाने ती काढून घेतली. त्यात चालकाची चूक काहीच नव्हती. काहींनी त्याच जागेत झेरॉक्स मशीन आणले, मग रिचार्ज, मग ऑनलाइन अर्ज, आज ते ‘आपले सरकार सेवा केंद्र’ चालवतात. काहींच्या बूथला लागलेले कुलूप पुन्हा उघडले नाही.

दिव्यांग आणि तंत्रज्ञान या विषयावर बोलताना आपण बहुधा नव्या यंत्राच्या कौतुकापाशी थांबतो. बॅटरीची गाडी, बोलणारा मोबाइल, कृत्रिम पाय. यंत्राचे कौतुक रास्तच आहे. पण यंत्र अनिश्चितता संपवत नाही, तिची जागा बदलते. पाय नसल्याची अडचण बॅटरी संपण्याच्या अडचणीत बदलते. ही दुसरी अडचण नक्कीच हलकी, पण ती ऐन वेळी पुढ्यात येते. म्हणून ज्या दिव्यांगांनी स्वतः उद्योग उभे केले आणि इतरांनाही त्यात सामावून घेतले, त्यांनी या ऐन वेळेची काय तजवीज केली, हे पाहणे आरोग्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे.

हा विषय मूठभरांचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६० हजार दिव्यांग व्यक्ती होत्या. देशातल्या दिव्यांगांपैकी जवळपास ७० टक्के खेड्यांत राहतात. तेव्हाच्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. म्हणजे प्रत्यक्ष संख्या याहून मोठीच असणार.

शरीराचा भरवसा

दिव्यांगत्व म्हणजे एकदा झालेले आणि तिथेच थांबलेले नुकसान, असा सर्वसाधारण समज आहे. प्रमाणपत्रावर टक्केवारी छापली की विषय मिटला, असे वाटते. वैद्यकशास्त्र तसे सांगत नाही.

पोलिओचेच पाहा. भारतात पोलिओचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपल्या विभागाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. आजार गेला, पण तो झालेली माणसे आहेत. त्यांपैकी बरेच जण आज चाळिशी ते साठीत आहेत. पोलिओ झाल्यावर साधारण १५ ते ४० वर्षांनी काहींना नव्याने अशक्तपणा जाणवू लागतो. थोड्या कामाने थकवा येतो, सांधे दुखतात, पूर्वी चढता येणारा जिना चढवत नाही. याला ‘पोस्ट-पोलिओ सिंड्रोम’ म्हणतात. पोलिओत काही चेतापेशी मरतात आणि वाचलेल्या पेशी नवे फाटे फोडून अनाथ झालेल्या स्नायूतंतूंचाही भार उचलतात. एका गड्याने चौघांचे काम करावे तसे हे असते. अनेक वर्षांनी तो गडी दमतो. अशा माणसाला ‘जास्त व्यायाम कर’ असे सांगणे चुकीचे ठरू शकते. त्याला गरज असते ती कामाची विभागणी, मध्ये मध्ये विश्रांती आणि हलक्या कॅलिपरची.

डोळ्यांच्या काही आनुवंशिक आजारांत पडदा हळूहळू निकामी होतो. आधी रात्रीचे दिसेनासे होते, मग नजर नळीतून पाहिल्यासारखी अरुंद होते. वेग किती, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. एकाच घरातल्या दोन भावंडांत तो वेगळा असतो. नात्यातल्या लग्नांत अशा आजारांचा धोका वाढतो, आणि मामाच्या मुलीशी किंवा भाचीशी लग्न करण्याची पद्धत मराठवाड्यात आजही पूर्ण गेलेली नाही.

मज्जारज्जूला इजा झाली तर अनिश्चितता अधिकच दाट होते. मराठवाड्याला हे वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली. गणपती विसर्जनाची रात्र होती, लोक दमून झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड छते अंगावर आली. मृतांचा आकडा कुठे आठ, तर कुठे दहा हजारांच्या घरात सांगितला जातो. जे वाचले त्यांत हातपाय गमावलेले होते, मणके मोडलेले होते. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. पुढे नकाशा बदलला आणि हा भाग तिसऱ्या विभागात गेला. शास्त्राचा नकाशाही चुकू शकतो, हे मराठवाड्याने फार मोठी किंमत मोजून पाहिले आहे.

आशा किती आणि कशाची?

मज्जारज्जूच्या इजेनंतर प्रत्येक घर पहिला प्रश्न एकच विचारते, ‘पेशंट चालेल का?’ प्रामाणिक उत्तर शक्यतेच्या भाषेतच देता येते. इजा अपुरी असेल, म्हणजे खाली थोडी तरी संवेदना किंवा हालचाल शिल्लक असेल, तर सुधारणेची शक्यता चांगली. इजा पूर्ण असेल तर ती फार कमी. जी सुधारणा व्हायची ती बहुतांशी पहिल्या सहा महिन्यांत दिसते, नंतर वेग मंदावतो, तरी वर्ष-दीड वर्ष थोडाफार बदल होत राहतो.

एवढे सांगितले जात नाही, तेव्हा ती जागा दुसरे लोक भरून काढतात. कोणी जडीबुटीची हमी देतो, कोणी मोठ्या शहरात ‘स्टेम सेल’चे इंजेक्शन सुचवतो. एकर-दोन एकर रान त्यासाठी विकले जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत. स्टेम सेलचा मान्य उपचार रक्ताशी संबंधित ठरावीक आजारांपुरता आहे. मज्जारज्जूच्या इजेसाठी तो अजून संशोधनाच्या पातळीवर आहे आणि नोंदणीकृत चाचणीत रुग्णाकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत.

पैसा जातो, त्याहून मोठे नुकसान वेळेचे होते. ‘आधी पाय येऊ देत, मग बाकीचे बघू’ या वाटेवर दोन-तीन वर्षे निघून जातात. या काळात व्हीलचेअरवर बसायला शिकणे, लघवीची काळजी, शिक्षण, कामधंदा सगळे खोळंबते. पलंगावर पडून पाठीला जखमा होतात. चालण्याची आशा सोडा, असे कोणी म्हणू नये. पण बसून जगण्याची तयारी त्याच दिवशी सुरू व्हावी. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू शकतात.

कोल्हापूरची खुर्ची, महाबळेश्वरचे मेण

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे उदाहरण इथे नीट समजून घ्यावे. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांची कमरेखालची शक्ती गेली. त्यांची वाट बदलली ती बाबूकाका दिवाण यांच्या भेटीने. दिवाण स्वतः कमरेखाली अपंग होते आणि व्यवसाय करत होते, स्वतःची गाडी स्वतः चालवत होते. पुस्तकातला सल्ला आणि समोर बसलेले उदाहरण यांत फार अंतर असते. पुढे नसीमाताईंनी शिक्षण पूर्ण केले, केंद्रीय उत्पादन शुल्क व सीमाशुल्क खात्यात नोकरी केली आणि १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. वसतिगृह, शाळा, दिव्यांगांच्या साधनांची कार्यशाळा आणि सिंधुदुर्गात काजूप्रक्रियेचा उद्योग, असा तिचा विस्तार झाला. त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे.

त्यांच्या कामाचा क्रम पाहण्यासारखा आहे. दूर गावातल्या मुलीला व्हीलचेअर देऊन भागत नाही. तिला उतरायला उताराची जागा लागते, वापरता येईल असे संडास-बाथरूम लागते, शाळा लागते, नंतर काम लागते. यातली एक कडी तुटली तरी खुर्ची घराच्या कोपऱ्यात जाते. म्हणून संस्थेने सगळ्या कड्या एकत्र जोडायचा प्रयत्न केला.

दुसरे उदाहरण महाबळेश्वरच्या भावेश भाटिया यांचे. त्यांची नजर लहानपणापासून अधू होती, तरुणपणी ती पूर्ण गेली. मुंबईच्या ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड’मध्ये ते मेणबत्ती बनवायला शिकले आणि महाबळेश्वरच्या बाजारात त्यांनी विक्री सुरू केली. पत्नी नीता यांची साथ मिळाली. ‘सनराइज कँडल्स’ या त्यांच्या उद्योगात आज अनेक अंध कारागीर काम करतात. मेणबत्तीच्या कामाची यंत्रसामग्री साधी आहे. मेण, वात, साचा, उष्णता. कौशल्य बोटांत आहे. मोठे यंत्र नसल्याने ते बंद पडण्याचाही प्रश्न कमी, आणि एका अंध माणसाने शिकलेले कसब दुसऱ्याच्या हातात हात धरून देता येते. अत्याधुनिक नसलेले तंत्रही अनेकदा जास्त टिकाऊ ठरते.

सायकलच्या दुकानात दुरुस्त होणारी खुर्ची

व्हीलचेअरचा इतिहास दिव्यांगांनीच घडवला आहे. घडी घालून मोटारीत ठेवता येईल अशी लोखंडी नळ्यांची खुर्ची अमेरिकेत १९३३ च्या सुमारास तयार झाली, ती हर्बर्ट एव्हरेस्ट या खाण अभियंत्याच्या गरजेतून. खाणीतल्या अपघातात त्याचा कणा मोडला होता. हॅरी जेनिंग्ज या मित्राबरोबर त्याने ती बनवली आणि तिचाच कारखाना काढला.

पण ही खुर्ची गुळगुळीत फरशीची होती. खेड्यात ती टिकत नाही, हे ओळखून काम करणारा माणूस म्हणजे राल्फ हॉचकिस. १९६६ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात त्याचे पाय गेले. १९८० मध्ये तो निकाराग्वाला गेला तेव्हा चार दिव्यांग तरुण एकच व्हीलचेअर आळीपाळीने वापरताना आणि स्वतःच तिची डागडुजी करताना त्याला भेटले. हॉचकिसने त्यांना शिकवले आणि त्यांच्याकडून तो शिकलाही. पुढे ‘व्हर्लविंड’ या संस्थेमार्फत त्याने अनेक गरीब देशांतल्या कारागिरांबरोबर खुर्च्या विकसित केल्या. त्यामागचा नियम साधा होता, सुटे भाग स्थानिक बाजारात मिळाले पाहिजेत आणि दुरुस्ती गावातल्या सायकलवाल्याला जमली पाहिजे. ब्रिटनमध्ये मानेच्या इजेने हातपाय निकामी झालेल्या डेव्हिड कॉन्स्टंटाइन यांनी १९९१ मध्ये ‘मोटिव्हेशन’ ही संस्था याच धर्तीवर सुरू केली.

मराठवाड्यात हा नियम किती मोलाचा आहे, हे जूनच्या पहिल्या पावसानंतर कळते. काळ्या मातीच्या चिखलात रुग्णालयात वापरायच्या खुर्चीची पुढची छोटी चाके रुततात. चिखल वाळला की बेअरिंग धरते. खुर्ची शिबिरातून मिळालेली असते, शिबिर जिल्ह्याच्या गावी झालेले असते आणि सुटा भाग तालुक्यात मिळत नाही. बॅटरीच्या तीनचाकीचे तेच. गाडी मिळाल्याचा फोटो निघतो. दोन-तीन वर्षांनी बॅटरी उतरते आणि नव्या बॅटरीचे हजारो रुपये कुठून आणायचे, हा प्रश्न उरतो. त्या गाडीवर कोणी दुकान चालवत असेल तर एका बॅटरीने त्याचा धंदाच बसतो.

एखादे साधन घेताना किंवा देताना म्हणूनच ते कोण, कुठे, किती दिवसांत आणि किती रुपयांत दुरुस्त करून देईल, हे किमतीच्या आधी विचारले पाहिजे.

चार मिलिमीटरचा फरक

दुसरा प्रश्न पर्यायाचा. नोटाबंदीनंतर आलेल्या नव्या नोटा अंध दुकानदारांसाठी डोकेदुखी ठरल्या. शंभर, दोनशे आणि पाचशे रुपयांच्या नव्या नोटांची रुंदी सारखी, ६६ मिलिमीटर. लांबी अनुक्रमे १४२, १४६ आणि १५० मिलिमीटर. म्हणजे शंभर आणि दोनशेत फरक अवघा ४ मिलिमीटरचा. गिऱ्हाईक घाईत असताना बोटांनी हा फरक ओळखणे कठीण. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये ‘मनी’ नावाचे मोबाइल ॲप आणले. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते किंमत बोलून दाखवते. पाठोपाठ यूपीआयचा वापर वाढला आणि मराठीत ‘इतके रुपये मिळाले’ असे सांगणारा छोटा स्पीकर दुकानादुकानांत आला. तो अंधांसाठी म्हणून बनवलेला नव्हता, पण अंध दुकानदाराला त्याने मोठा आधार दिला.

मात्र नेटवर्क गेले की स्पीकर मुका होतो. वीज गेली की मोबाइल उतरतो. म्हणून जाणता अंध दुकानदार नोटा वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो, त्यांच्या घड्या वेगळ्या घालतो आणि नोट मोजण्याचा लहानसा पुठ्ठा जवळ बाळगतो. यंत्र चालू असेल तेव्हा काम लवकर होते. ते बंद पडले तरी काम थांबत नाही. पर्याय याला म्हणतात.

संगणकाच्या बाबतीत पर्याय उभा केला तो दोन अंध तरुणांनी. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर पूर्वी इतकी महाग होती की संगणकापेक्षा तीच परवडत नसत. ऑस्ट्रेलियातील मायकल करन यांनी २००६ मध्ये ‘एनव्हीडीए’ हे मोफत सॉफ्टवेअर लिहायला घेतले आणि जेम्स तेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही अंध. आज जगभरातले अंध विद्यार्थी आणि कर्मचारी ते वापरतात, त्यात मराठी आवाजही चालतो. ते खुले असल्याने एखादी कंपनी बंद पडली म्हणून ते बंद पडणार नाही. साध्या अँड्रॉइड मोबाइलवरही मजकूर मराठीत वाचून दाखवण्याची सोय आहे. ती सेटिंगमध्ये दडलेली असते, आणि कोणी दाखवून दिले नाही तर अनेकांना तिचा पत्ताही लागत नाही.

पर्याय नसला की काय होते, याचे उदाहरण अंगठ्याच्या ठशाचे आहे. कुष्ठरोगाने बोटे झडलेल्या माणसाला ठसा देता येत नाही. नियमात बुबुळाच्या ओळखीची आणि अपवादाची तरतूद आहे. पण खिडकीवरच्या माणसाला ती माहीत नसेल, तर रांगेतून परत फिरावे लागते.

पाणी, ऊन आणि शरीराची देखभाल

उद्योजकाचे सगळ्यात महागडे यंत्र म्हणजे त्याचे स्वतःचे शरीर. दिव्यांगाच्या बाबतीत त्याची देखभाल चुकली तर धंदा आठवडेच्या आठवडे बंद राहतो. नांदेड-लातूरच्या हवामानात काही गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

मज्जारज्जूची इजा मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल, तर इजेखालच्या अंगाला नीट घाम येत नाही. घाम नाही म्हणजे शरीर थंड करण्याची सोय नाही. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा इतरांना नुसते गरगरते, अशा माणसाला मात्र उष्माघात होऊ शकतो. दुपारी दुकान बंद ठेवणे, अंगावर ओले फडके ठेवणे, पाण्याची फवारणी करणे हे त्याच्यासाठी औषधच आहे.

लघवीच्या नळीचेही तसेच. दिवसातून चार ते सहा वेळा स्वच्छ नळीने मूत्राशय रिकामे करणे ही अनेकांसाठी सर्वांत सुरक्षित पद्धत आहे. त्यासाठी हात धुवायला पाणी हवे, पिण्याचे पाणी पुरेसे हवे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा टंचाईत कुबड्यांवर चालणारा माणूस घागर उचलू शकत नाही, व्हीलचेअरवरची बाई टँकरच्या गर्दीत शिरू शकत नाही. मग पाणी कमी प्यायले जाते, त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग, मुतखडा, ताप आणि रुग्णालयात भरती. टंचाईच्या आराखड्यात दिव्यांगांच्या घरी पाणी पोचवण्याची नोंद असणे ही सहानुभूतीची बाब नाही, ते किडनी वाचवण्याचे काम आहे.

बसून काम करणाऱ्याने दर १५ ते ३० मिनिटांनी हातांवर भार देऊन शरीर उचलावे किंवा पुढे-बाजूला झुकावे. संवेदना नसलेल्या जागी जखम होते तेव्हा दुखत नाही, म्हणून रोज रात्री आरशात कातडी पाहावी. लाल डाग दिसला आणि तो दाबूनही पांढरा पडत नसेल, तर तिथे भार देणे त्या दिवसापासून बंद करावे. खुर्ची हाताने ढकलणाऱ्यांचे खांदे वर्षानुवर्षांच्या भाराने झिजतात. दुखणे अंगावर काढू नये. या दक्षतेला खर्च जवळजवळ काही नाही. एक खोल शय्याव्रण मात्र महिनोन् महिने अंथरुणाला खिळवते.

मनाचाही हिशेब ठेवावा लागतो. ‘जिद्दीला सलाम’ छापाच्या कौतुकाने एक धोका होतो, ज्याला आज उठवत नाही त्याला स्वतःचीच लाज वाटू लागते. झोप उडणे, काहीच करावेसे न वाटणे, जगणे नकोसे होणे हे नैराश्याचे लक्षण आहे. जिद्द कमी पडली असा त्याचा अर्थ नाही. त्यावर उपचार आहेत आणि ते सरकारी रुग्णालयात मिळतात.

तजवीज कोणी, कशी करायची?

सोयी कागदावर बऱ्याच आहेत. साधनांसाठी केंद्राची योजना १९८१ पासून चालू आहे, स्वयंरोजगाराच्या कर्जासाठी राष्ट्रीय महामंडळ १९९७ मध्ये स्थापन झाले. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला. विजेवर चालणाऱ्या वाहनावर फिरते दुकान देण्याची राज्याची योजना आहे. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड या सगळ्याची किल्ली ठरते. त्यासाठी ऑनलाइन नोंदणी करून शासकीय रुग्णालयातल्या मंडळापुढे तपासणी होते. विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था ही या भागातली मोठी सरकारी रुग्णालये.

यात दुरुस्तीची सोय मात्र फार थोडी आहे. ५ टक्क्यांच्या निधीतून नव्या वस्तू वाटल्या जातात. त्याच निधीतून तालुक्याला एक दुरुस्ती केंद्र उभे राहिले, तर जुन्या खुर्च्या आणि गाड्या पुन्हा रस्त्यावर येतील. आणि ते चालवायला दिव्यांग तरुणांपेक्षा योग्य माणूस कोण? खुर्चीचे कोणते चाक कधी दगा देते, हे त्यांना पाठ असते. वेल्डिंग, बेअरिंग, बॅटरी आणि मोबाइलच्या सेटिंग एवढे चार विषय शिकवले तरी सुरुवात होते.

रुग्णालयांनाही एक गोष्ट सहज करता येण्यासारखी आहे. मज्जारज्जूची इजा, पाय कापणे किंवा दृष्टी जाणे अशा प्रसंगानंतर घरी सोडण्यापूर्वी, त्याच वाटेने पाच-दहा वर्षे चाललेल्या एखाद्या माणसाशी रुग्णाची गाठ घालून द्यावी. औषधांच्या चिठ्ठीबरोबर त्याचा फोन नंबर द्यावा. डॉक्टर शक्यता सांगू शकतो, पण बाजाराच्या दिवशी व्हीलचेअर कुठून न्यायची आणि पहिल्या गिऱ्हाइकाशी काय बोलायचे, हे तोच सांगू शकतो.

घरच्यांसाठी तीन प्रश्न पुरेत. नवे साधन घरात येण्याआधी ते विचारावेत. हे बिघडले तर कोण दुरुस्त करील? ते बंद असेल त्या दिवशी काम कसे चालेल? आणि अडचण आली तर हाक कोणाला मारायची? तिन्ही उत्तरे हाताशी असतील तर यंत्र साधे असले तरी चालते. एकाचेही उत्तर नसेल, तर महागडे यंत्र घेण्याआधी ते उत्तर शोधावे.